काट्याची तार

दुसरबीडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी टिकेन की नाही, हे तेव्हा धान्याच्या एका काट्यावर अडलं होतं. आठवीत शाळा सोडून कोकणातून इतक्या लांब आलेला मी. मालकांनी ठेवून घेतलं, वर जुना लॅपटॉप दिला; त्यावरच मी प्रोग्रामिंग शिकलो. साखरखेर्ड्याच्या धान्याच्या अडत्यांकडचा, काट्याला तारेने जोडलेला कॉम्प्युटर मीच बसवला होता, फुकट मिळणारी सिस्टिम टाकून. तो दिवसातून दोन-तीनदा हँग व्हायला लागला.

"या बाहेरच्या पोट्ट्यानं काय घुसवून ठेवलं हो याच्यात?" अडते मालकांना म्हणाले. "काटा माहा आहे, बदनामी माही होते."

"आठ दिवस द्या," मालक हसले. "नाही सुधरलं तर मीच त्याले गाडीत बसवून देतो."

मी सगळ्यांवर संशय घेतला. तारेवर, पोती मोजणाऱ्या मापाड्यावर, मालकांच्या त्या हसण्यावरसुद्धा. मग दिवसभर काट्याशेजारी बसलो. पोतं ठेवलं, आकडा आला, की शेतकरी ओरडायचा, "तार काढ आधी!" तार लागलेली असली की आतून आकडा फिरवतात, असा तिथला पक्का समज. म्हणून मापाडी दर पोत्याला तार उपसायचा आणि नंतर परत खोचायचा. स्क्रीनवरचा प्रोग्राम मात्र काटा वाचतच असायचा.

मशीन अडकताना स्क्रीनवर उमटलेल्या ओळींचा फोटो काढून मी माग काढला. खोट कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या अगदी गाभ्यात होती. तार निघताच कर्नेल काट्यासाठी घेतलेली मेमरी सोडून द्यायचा, आणि वाचणं मात्र त्या सोडलेल्या जागेतूनच चालू राहायचं. तिथे कुणी मुद्दाम आपलं काही ठेवलं, तर अख्खं मशीन त्याच्या ताब्यात. वाचणारा शेवटचा प्रोग्राम बाजूला होईपर्यंत जागा सोडायची नाही, एवढी दुरुस्ती मी लिहिली आणि कर्नेलचा तो भाग सांभाळणाऱ्या परदेशी माणसाला पाठवली.

त्याने विचारलं, इतक्या वेळा तार उपसतं कोण? वाटलं, आता शिक्षण विचारणार. त्याने दुसरंच दाखवलं: तार निघणं आणि वाचणं एकाच क्षणी झालं, तर माझ्या दुरुस्तीतही फट होती. तीही बुजवली, तेव्हा त्याने दुरुस्ती स्वीकारली, आणि मी ती अडत्यांच्या मशीनवर चढवली.

आठव्या दिवशी मालक आणि मी काट्यापाशी उभे. संध्याकाळपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही. अडते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चालून तर राह्यलं. उद्या बंद पडलं तर?"

"तर हाच येईन," मालक म्हणाले. "माह्याच दुकानात आहे ना तो."

परतताना मालकांच्या मागे गाडीवर बसलो. डोक्यात एकच: आणखी एखादी फट राहिली असेल का?