उजेडात धरलेली पैठणी

एका मंगळवारी सकाळी दोघा वॉचमननी आमच्या इमारतीच्या पार्किंगमधलं इस्त्रीचं टेबल उचललं आणि गेटबाहेर ठेवलं. इस्त्री टेबलावरच होती. इस्त्रीवाल्या मावशी मागून चालत गेल्या. मी जिन्यात उभी होते.

त्याआधी अकरा वर्षं ते टेबल तिथे होतं. मावशी जवळच्या विचुंबे गावाहून चालत यायच्या, कोळसे पेटवायच्या आणि पहिला कपडा हातात घेऊन पार्किंगच्या कडेला जायच्या, जिथे ऊन आत येतं. तिथे कपडा दोन्ही हातांनी वर धरायचा, आरपार बघायचा आणि ज्याचा कपडा त्याला दाखवायचा. "ही चीर तुझी. हा चहाचा डाग तुझा. मंग नको बोलूस." हे झाल्याशिवाय त्या कपडा टेबलावर घेत नसत. घाईतल्या माणसालाही थांबावं लागे. "आधी उजेडात," एवढंच म्हणायच्या.

तुमच्याही इमारतीखाली अशी एखादी बाई असेल. तुम्ही तिच्याकडे कपडे टाकून वर जात असाल. मी थांबायची. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मला जायला दुसरं ठिकाण नव्हतं, आणि मावशींना ऐकणारं कुणीतरी हवं होतं. त्या सगळ्यांनाच 'तू' म्हणत. मी त्यांची 'बाय' होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही 'तू'च. ते हसून घ्यायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, ते खपायचं नाही.

मावशींचं ऐकून मी घरी येऊन वहीत लिहायची. तेलाचा डाग पडला की लगेच पाणी लावू नये. टाल्कम पावडर किंवा खडूची पूड टाकून ठेवावी, ती तेल ओढून घेते. रक्ताला गार पाणी, गरम कधीच नाही. हळदीचा डाग साबणाने लाल होतो म्हणून घाबरू नये, कडक उन्हात ठेवावा, आपसूक जातो. काळे कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. पावसाळ्यात कपाटात पुरचुंडी बांधून खडू टांगावेत, ओल धरतात. मे महिन्यात पश्चिमेचा पडदा ऊन यायच्या आधी ओढावा. ऊन आत आल्यावर ओढलास तर कोंडलेल्या उन्हात बसशील, असं त्या म्हणायच्या. मी तसं करून पाहिलं. त्या वर्षी दुपारी पहिल्यांदाच मला खुर्चीत बसून वाचता आलं.

आणि हे: जरीच्या साडीजवळ डांबरगोळ्या ठेवू नयेत, साडी प्लास्टिकमध्ये कोंडू नये, जरीच्या तारा काळ्या पडतात. धुतलेल्या मांजरपाटात, म्हणजे साध्या सुती कापडात, गुंडाळावी, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. वहीत हे माझ्या अक्षरात आहे, टेबल उचललं त्याच्या दोन वर्षं आधीचं.

तिसऱ्या मजल्यावर मुलीचं लग्न निघालं. हळद पार्किंगमध्येच होती. मावशींनी स्वतः टेबल कोपऱ्यात सरकवून मांडवाला जागा दिली, वहिनींनी त्यांना पंगतीत बसवलं. पुढच्या आठवड्यात सत्यनारायणाला नेसायची म्हणून वहिनींनी आपल्या आईची पैठणी खाली आणली, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून टाचण्या लावलेली. मावशी ती सोडायला लागल्या तशा वहिनी म्हणाल्या, "आता आमचंही तपासणार का तुम्ही?"

मावशींचे हात थांबले. ज्यांच्या मांडवात जेवलं, त्यांचा कपडा त्यांच्या तोंडावर तपासायचा नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. अकरा वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदाच एक कपडा उजेडात न धरता टेबलावर गेला.

वहिनी वर गेल्यावर मावशींनी घड्या उलगडल्या. डांबरगोळ्यांचा वास आला. घडीच्या आतल्या बाजूने जरीवर काळे पट्टे होते. त्यांनी साडी उलटी करून, वर मांजरपाट घालून, हलक्या हाताने इस्त्री केली आणि परत देताना सांगितलं की घडीत काळं आहे, ते आधीचं आहे. वहिनी साडी घेऊन वर गेल्या.

त्या मंगळवारी सकाळी साडी घेऊन वहिनी खाली आल्या, मागोमाग सेक्रेटरी, आणि बघता बघता आठ-दहा जणं जमली. आईची पैठणी कोळशाच्या इस्त्रीने जाळली, असं वहिनी म्हणत होत्या. वरून असंही म्हणाल्या की माणसाला पंगतीत बसवलं की ते डोक्यावर बसतं. सेक्रेटरी म्हणाले, पार्किंगमध्ये निखारे नकोतच, गाड्या असतात, मी कधीपासून म्हणतोय.

मावशी एकच वाक्य बोलल्या. "इस्तरी घडीच्या आत कशी शिरंल, ते सांग मला."

मग त्यांनी जिन्याकडे, माझ्याकडे बघितलं. वही वर माझ्या टेबलाच्या खणात होती. दोन मजले चढून जायचं आणि घेऊन यायचं, एवढंच काम होतं. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून शब्द निघायला वेळ लागतो, आणि माणसं शब्दासाठी थांबत नाहीत. तोवर वॉचमननी टेबल दोन्ही बाजूंनी धरलं होतं.

त्यानंतर मावशी विचुंब्याच्या रस्त्याला एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहू लागल्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माफी कशी मागायची ते वाटेत जुळवत गेले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"डांबरगोळ्यांचं वहीत लिवलंस ना तू?"

मी हो म्हटलं.

"बरं मंग," म्हणाल्या, आणि पुढचा शर्ट उजेडात धरला.

यापेक्षा मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज जास्त बरी झोपले असते.

पावसाळा आला. तो पत्रा एका बाजूने गळायचा. गिऱ्हाइकांचे कपडे त्या कोरड्या बाजूला ठेवायच्या आणि स्वतः गळत्या बाजूला उभ्या राहायच्या. खोकला लागला. मी औषध नेलं, छत्री नेली. छत्री त्यांनी कपड्यांवर बांधली. गणपती झाले आणि त्यांच्या सुनेचा फोन आला, मावशी गेल्या. छातीत पाणी झालं होतं म्हणाली. मी भेटायला गेले तेव्हा सुनेने रेशमावर घालायचा तो मांजरपाटाचा तुकडा माझ्या हातात दिला. "आत्या बोलल्या व्हत्या, बायला दे."

मी हळू वाचणारी, हळू लिहिणारी बाई आहे. रागही मला हळूच येतो. पण आला की जात नाही.

यंदा वहिनींच्या मुलाचं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी त्या माझ्या दारात आल्या, हातात सासूबाईंचा शालू. कधी इस्त्रीलाही दिलेला नव्हता, कपाटातून काढला तर जरीचे काठ काळे. "तुम्ही त्यांच्याजवळ बसायच्या ना हो," त्या म्हणाल्या, "काहीतरी माहीत असेलच तुम्हाला."

मी म्हटलं, "इथे उजेड नाही. खाली चला."

खाली मांडव बांधून होत होता. बायका हळदीची भांडी मांडत होत्या, सेक्रेटरी उभे होते, तेच दोन वॉचमन खुर्च्या लावत होते. मी पार्किंगच्या कडेला गेले आणि शालू दोन्ही हातांनी वर धरला. वास सगळ्यांना आला. मी एकेक घडी उघडली आणि मोठ्याने, एका दमात सांगितलं. हे डांबरगोळ्यांनी होतं. प्लास्टिकमध्ये ठेवल्याने वाढतं. काळं घडीच्या आत आहे. या शालूला अजून कुणाची इस्त्री लागलेली नाही.

बायकांचे हात थांबले. सेक्रेटरी आपल्या बायकोकडे बघत होते. एक वॉचमन खुर्ची हातात धरून तसाच उभा होता. वहिनींच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी नीट पाहिला. तो बघायलाच मी त्यांना खाली आणलं होतं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

"आता यावर काही उपाय आहे का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "मावशींनी मला करून दाखवला होता."

"मग सांगा ना. संध्याकाळी नेसायचाय."

"त्यांना विचारा," मी म्हटलं, शालू घडी करून त्यांच्या हातात दिला आणि जिना चढले.

वाचणाऱ्यांना वाटेल, मी लहान मनाची आहे. असेन. त्या मंगळवारी मी गप्प राहून जे केलं ते याहून लहान होतं, आणि तेव्हा मला कुणी काही म्हटलं नाही. डाग काढायच्या बाकी सगळ्या युक्त्या वर लिहिल्या आहेत, खुशाल वापरा. जरीचा उपाय लिहिलेला नाही. हे तिसऱ्या मजल्यावर वाचलं जाणार आहे.

पार्किंगच्या फरशीवर टेबलाच्या पायांच्या चार खुणा आहेत. मांजरपाटाचा तुकडा माझ्या कपाटात आहे. उपाय मला पाठ आहे.