कावेरीताईंचे चाळीस हुंकार

समजा, तुम्हाला एका बंद खोलीत बसवलं आणि सांगितलं की नुसतं 'हं' म्हणा. दुःख ऐकल्यावरचं 'हं', नवल वाटल्यावरचं 'हं', 'पुढं सांग' म्हणणारं 'हं'. असे चाळीस प्रकार. समोर माणूस नाही, फक्त माईक. दहा-बारा वेळा म्हणून झालं की आपण नेमकं कुणाला हुंकार देतोय, अशी शंका यायला लागते.

केजच्या कावेरीताईंनी हे काम दोन दिवस केलं. त्या समुपदेशक आहेत. वडील मन्मथअप्पांचं किराणा दुकान. तिथं गिऱ्हाईक बायकांची गाऱ्हाणी ऐकतच त्या वाढल्या. शिकल्या, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी एका संस्थेची फोनसेवा सांभाळू लागल्या. उसाच्या फडाजवळच्या कोपीतून, म्हणजे पाचटाच्या झोपडीतून, बायका फोन करायच्या. पण फोन शेकडो आणि ताई एक. म्हणून ताईंच्याच आवाजात बोलणारं यंत्र करायचं ठरलं. मी अशी बोलणारी यंत्रं बनवतो, म्हणून ते काम माझ्याकडं आलं.

पहिला प्रयत्न फसला. यंत्र गप्प राहून नीट ऐकायचं आणि बायका फोन ठेवून द्यायच्या. आपल्याकडं सांगणाऱ्याला हुंकार लागतो. तो थांबला म्हणजे ऐकणारा झोपला, नाहीतर उठून गेला. म्हणून ते चाळीस 'हं'. मग बायका तासतास बोलू लागल्या. फोन लागताच 'हे यंत्र आहे' अशी सूचना वाजते, पण ती ऐकून घेतं कोण?

हंगाम संपल्यावर फोन करणाऱ्यांपैकी एक, उमापूरकडची साखराबाई, ताईंना भेटायला ऑफिसात आली. मी तिथंच लॅपटॉप उघडून बसलो होतो.

"तुमीच का कावेरीताई?" ती दारातूनच म्हणाली. "आवाजावरून वाटलं, बाई चांगली धडधाकट आसंल. तुमी तर काडीवानी दिसता. जेवता का न्हाई?"

ताई हसल्या. साखराबाईनं पिशवीतून गूळ काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्यामुळं वाचले, ताई. त्या दिवशी फडातून निघालते ती माघारी न यायच्या इचारानं. तुमी तुमच्या बहिनीचं सांगितलं, म्हणून थांबले. माझ्या बहिनीला फोन लावला."

"काय सांगितलं मी?"

"आता कावून इचारता? रोहिणीचं. जीव द्यायच्या आधी तिनं तुमाला तीनदा फोन केलता. तुमच्या हाताला मेंदी होती, तुमी उचलला न्हाई. लई रडत होत्या तुमी."

ताईंनी दोन्ही तळहात टेबलाखाली नेले. साखराबाई स्वतःच्या बहिणीचं, लेकरांचं सांगत राहिली. ताई फक्त मान हलवत होत्या. एकही 'हं' त्यांच्या तोंडून आलं नाही.

ती गेल्यावर मी विचारलं, "खरंय?"

"धाकटी होती. अकरा वर्षं झाली. चुलतभावाच्या लग्नात मेंदी काढून घेत होते. हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही. आदिनाथ, तू सगळं रेकॉर्डिंग काढ."

दोन दिवस मी ऐकत बसलो. हुंकारांच्या मधे ताई मोकळ्या बोलल्या होत्या. दुकान, शाळा, एसटीतली भांडणं. रोहिणीचं नाव एकदाच होतं: 'माझी बहीण होती, रोहिणी.' पुढं काही नाही.

"यंत्र अंदाजानं शब्द जुळवतं, ताई," मी म्हणालो. "बहीण, लग्न, मेंदी. लागून गेलं असेल."

"आणि तीन फोन?"

 यंत्र साखराबाईशी बोललं त्या फोनची नोंद मी काढली होती. शब्द तिनं सांगितले तसेच होते, आणि ते ताईंच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमधे नव्हते.

भर दुपारी ताईंनी स्वतःच त्या नंबरवर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सूचना वाजली. मग त्यांचाच आवाज आला, "बोल बाई, मी ऐकतेय."

"रोहिणीचं तुला कुणी सांगितलं?"

 पलीकडून हलकंसं 'हं'.

मी चाळीसच्या चाळीस ओळखतो. हे त्यातलं नव्हतं. आवाज ताईंसारखाच, पण वयानं लहान. ताईंनी माझ्याकडं पाहिलं आणि घाईनं फोन बंद केला.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी ताईंनी नव्या हंगामासाठी आवाज वापरायच्या परवानगीवर सही करायची आहे. नाही म्हटलं तर ते यंत्र पुसलं जाईल. संस्थेचा रोज फोन येतो. परवा मी म्हणालो, "नका करू सही. दुसरा आवाज घेऊ."

"साखराबाई वाचली रे."

"दुसऱ्या आवाजानंही बायका वाचतील."

ताईंनी परवानगीचा कागद उलटा करून ठेवला. मग खालच्या आवाजात मला विचारलं, "त्या तीन फोनमधे रोहिणीला मला काय सांगायचं होतं, हेही त्या यंत्राला माहीत असेल का?"