ओला नमुना

माझं गाव कोकणातलं. सातवीत शाळा सोडली आणि एका ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर दिग्रसला, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये येऊन पडलो. तिथं कापूस पारखणाऱ्या काकांनी मला जवळ केलं. घराची मागची खोली दिली, हाताखाली घेतलं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नमुना ओला होऊ द्यायचा नाही. ओल लागली की पारख खोटी.

एका वर्षी कापसाला भाव नव्हता, जिनिंग अर्धं बंद. त्याच वर्षी काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, हा आजार कुणाच्या अंगात वर्षानुवर्षं सावकाश चालतो, कुणाच्या झपाट्यानं पसरतो. गाठीचा तुकडा काढून तपासून झाला होता, तरी नक्की सांगता येईना. रक्तातल्या साखर, चरबी अशा द्रव्यांवरून काही कळतं का, ते तिथं नव्यानं बघत होते. ऑपरेशन करायचं की थांबायचं, त्याला तेवढाच आणखी आधार.

काकांना घडोघडी लघवीला जावं लागे, एसटीत बसवेना. म्हणून दिग्रसलाच उपाशीपोटी रक्त काढलं. नळी कागदात गुंडाळून बर्फाच्या थर्मासात ठेवली आणि थर्मास यवतमाळला पोचवायला माझ्याकडे दिला.

दारव्ह्याच्या पुढं झाकण उघडून पाहिलं, तर कागद चिंब. म्हणजे नमुना ओला झाला! नळी काढली, कोरडी पुसली आणि शर्टाच्या खिशात छातीशी धरून नेली.

लॅबमधल्या बाईंनी विचारलं, "पूर्ण वेळ बर्फातच होती ना?"

हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण घडलं ते सांगितलं.

त्यांनी नळी बाजूला ठेवली. "ऊब लागली की रक्तातली साखर नळीतच कमी होते, बाकीचंही बदलतं. यावरून भलताच निकाल आला असता. त्यांनाच घेऊन या."

घरी सांगताना माझी मान वर होईना. काका म्हणाले, "रडून काहून राह्यला बे? मीच शिकवलं ना तुले? चाल, उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी कंडक्टरनं काकांसाठी चार वेळा गाडी थांबवली. मागून कुणीतरी ओरडलं, "बुढ्याची झाडाझाडाशी सोयरीक हाये का?"

काका चढता चढता म्हणाले, "तुह्या वयात मीबी असाच हासत होतो, बाप्पा."

महिन्याभरानं डॉक्टर म्हणाले, "सगळं मिळून पाहता सध्या सावकाश दिसतोय. ऑपरेशन नको, दर तीन महिन्यांनी तपासू."

काकांनी बाहेर येऊन दोन चहा सांगितले. मी मात्र, सध्या म्हणजे किती दिवस, हे विचारायला परत आत गेलो.