वरमालेचा सूर आणि विन्याची गिटार

कार्यक्रम संपला की आमच्या ऑर्केस्ट्रा पार्टीला वायरी गुंडाळायला भरपूर वेळ लागतो. हात कामात आणि तोंड मोकळं. मग कुणीतरी सुरू करतं, "आरे, त्या दिवशी चिखलीले काय झालं..." आणि वायर राहते बाजूला. असे किस्से इतके साठलेत की गाडीत स्पीकर ठेवायला जागा उरली नाही, असं आमचे दादाराव म्हणतात. त्यातले निम्मे तरी एकट्या विन्याच्या गिटारचे आहेत.

आधी मंडळी सांगतो. दादाराव म्हणजे पार्टीचे मालक आणि गायक. मुकुंदा की-बोर्डवर. विन्या गिटारवर. आणि मी बाळू, ऑक्टोपॅडवर. एरवी खामगावात माझं वर्कशॉप आहे, जिनिंगच्या मशीनचे पार्ट बनवतो. त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत माझ्यासमोर कुणी जास्त बोलू नये!

*

आमच्या पार्टीची खासियत म्हणजे वरमालेचा सूर. अक्षता पडल्या की विन्या गिटारची एक मोकळी, म्हणजे बोटानं न दाबलेली, तार छेडतो, आणि दोन्ही हार गळ्यात पडेपर्यंत तो एकच सूर वाजत राहायला पाहिजे. ही दादारावांची आयडिया. पूर्वी काही अडचण नव्हती, दोन हार घालायला कितीसा वेळ लागतो? पण आता नवरदेवाला मित्र खांद्यावर उचलतात, मग नवरीला भाऊ उचलतात, मग पुन्हा मित्र आणखी वर उचलतात. हार हवेतच. आणि विन्याची गिटार पडली स्वस्तातली.

चिखलीच्या लग्नात सूर विझला तेव्हा हार अजून नवरीच्या हातातच होता. नवरदेवाचे मामा तावातावानं स्टेजजवळ आले.

"काय हो, बॅटरी संपली काय तुमची?"

विन्या म्हणाला, "मामा, गिटारले बॅटरी नसते."

"नसते? मंग टाका ना एखादी!"

आम्ही सगळे हसलो. दादाराव हसले नाहीत. परतताना गाडीत म्हणाले, "विन्या, तुळशीच्या लग्नापर्यंत गिटार सुधरव. नाई त तो सूर मुकुंदा वाजवीन. त्यानं बटन दाबून ठेवलं का सूर वाजतच राह्यते."

विन्या खिडकीबाहेर बघत बसला. गाण्यांमधले गिटारचे खास तुकडे केव्हाच की-बोर्डवर गेले होते, ती नुसती साथीला वाजायची. गिटारकडे स्वतःचा असा हा एकच सूर उरला होता. तो गेला की विन्याही गेला, हे गाडीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "उद्या वर्कशॉपले ये. पाहू तिच्या पोटात काय हाय ते."

*

पाठीमागचं झाकण काढलं. ज्या ब्रिजवर तारा टेकतात, त्याच्या खाली एक धातूचा ठोकळा असतो. तारा त्याच्यातून ओवलेल्या असतात, आणि एका बाजूनं तारा, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगा अशी त्याची ओढाताण चाललेली असते. ब्रिजला एक दांडी असते. ती दाबली किंवा ओढली की सगळा ब्रिज हलतो आणि सूर लवतो. विन्याचा ठोकळा बिस्किटाएवढा जाड होता आणि हातात घेतला तर वजनच नाही!

"काऊन बे, हे कंपासपेटीचं झाकण लावलं काय? याच्यात सूर राहीन कसा?"

मी अस्सल पोलादाचा ठोकळा बनवला. चांगला जाडजूड. बसवला. विन्यानं दांडी दाबली, मग दोन्ही हातांनी दाबली.

"बाळूभाऊ, हे त हालून नाई राह्यलं."

"हालू नये म्हणूनच त बनवलं!"

मग त्यानं मला दांडी कशासाठी असते ते समजावून सांगितलं. हे आधी सांगायला काय झालं होतं? दुसरा ठोकळा मी नीट माप घेऊन बनवला. तो बसवल्यावर विन्यानं तार छेडली, तेव्हा मी चहा सांगितला. चहा येईपर्यंत सूर वाजत होता! आमचा चहावालाही काही हळू चालणारा माणूस नाही.

*

आता सूर लांबला, पण त्याच्या मागे स्प्रिंगाही वाजायला लागल्या. प्रत्येक सुरानंतर पोटातून आपलं झिंग्ग! त्यांना गप्प करायला आत काहीतरी मऊ भरायला हवं होतं. खामगावात कापसाला काय तोटा? शेजारच्या जिनिंगमधून मूठभर आणला आणि स्प्रिंगांखाली कोंबला. गिटार एकदम शहाण्यासारखी बोलायला लागली.

नांदुऱ्याच्या लग्नात स्पीकरला लागूनच एक आजोबा बसले होते. दोन गाण्यांच्या मधे उठून विचारायला लागले, "बापू, कापूस हाय का कोनाजोळ? कानात घालाले पाह्यजे."

विन्या भला माणूस. गिटार उलटी केली, झाकण सरकवलं आणि कापूस काढून आजोबांच्या हातावर ठेवला. पुढचा सगळा कार्यक्रम स्प्रिंगा झिंगाट. दादाराव विन्याकडे डोळे वटारून गात होते.

आजोबा मात्र खूश. जाताना विन्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता कसं मस्त वाजून राह्यलं!"

*

मग दांडीनं छळलं. ती आट्यांवर फिरवून बसवायची असते, आणि विन्याच्या आट्या झिजलेल्या. शेगावकडच्या एका लग्नात गाणं रंगात आलं असताना दांडी सुटली, उडाली आणि थेट अक्षतांच्या ताटात जाऊन पडली. गुरुजींनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली.

"यजमान, ही कोणत्या विधीसाठी आणली आहे?"

यजमानांना काय माहीत? तेही म्हणाले, "घेतलीच हाय त असू द्या, गुरुजी." गुरुजींनी दांडीला हळदकुंकू लावून ती कलशाशेजारी ठेवली. मग ती मागायची कुणाची हिंमत होणार?

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये नवी दांडी बनवली, तिच्या आट्यांवर नळवाल्याची पांढरी टेप गुंडाळली आणि ती घट्ट पिळून बसवली. विन्याला म्हणालो, "आता कोनी लटकलं तरी निघत नाई. लिहून घे!"

*

राहिला मुकुंदा. त्याला हे काहीच पटत नव्हतं. "सूर लांबला, मान्य. पण दांडी ओढून सोडल्यावर तो जाग्यावर येते का? माह्यं बटन कधी बेसूर होत नाई."

बोलणं लागलं, कारण खरं होतं. दांडी सोडल्यावर तार गिटारच्या मानेच्या टोकाला असलेल्या खाचेत अडकायची आणि सूर किंचित चढाच राहायचा. विन्यानं त्या खाचांमध्ये शिसपेन्सिल घासली, म्हणजे तार सरकेल. मुकुंदा म्हणाला, "गिटार हाय का बालवाडी?"

दादारावांनी वाद तोडला. "तुळशीच्या लग्नानंतर जे पह्यलं लग्न हाय, त्यात काय ते ठरवू."

पहिलं लग्न डोणगावचं होतं. नवरी शीतल. नवरदेव स्वतः विन्या!

दादाराव म्हणाले, "तुह्या लग्नात तरी मुकुंदाले वाजवू दे."

"नाई दादा. मीच वाजवतो."

शीतललाही त्यानं विचारलं होतं. ती म्हणाली, "वाजवा की. फक्त उशीर नका करू."

अंतरपाट दूर झाला तेव्हा विन्या फेटा, शेला आणि गळ्यात गिटार अशा थाटात उभा होता. अक्षता पडल्या आणि त्यानं तार छेडली. सूर लागला. शीतल हार घेऊन पुढे आली, तेवढ्यात मित्रांनी विन्याला गिटारसकट खांद्यावर उचललं.

तिचे भाऊ तिला उचलायला वाकले. ती म्हणाली, "थांबा, मले नका उचलू."

मुकुंदा बटनावर बोट ठेवून टपलेला. दादाराव माइक धरून जागच्या जागी थिजलेले. वर विन्या सुरात गुंग, खाली लग्न आहे हे विसरलेला.

शीतलनं हार डाव्या हातावर घेतला. तिच्या डोक्यावर गिटारची दांडी लोंबत होती. तिनं उजव्या हातानं ती पकडली आणि ओढली!

सूर किंचाळत वर गेला आणि विन्या मित्रांसकट खाली आला. शीतलनं दांडी सोडली, हार त्याच्या गळ्यात घातला. आणि सूर उतरून बरोबर आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. मुकुंदानं आवाज बारीक करून आपला सूर ताडून पाहिला. तसूभर फरक नाही. त्यानं बटनावरचं बोट काढलं आणि हात खिशात घातले.

विन्या डोळे मिटून ऐकतच होता.

"आवं," शीतल म्हणाली, "माह्या गळ्यात कोन घालन? गिटार?"

विन्यानं दोन्ही हात गिटारवरून काढले. भावाकडून हार घेतला, तिच्या गळ्यात घातला, हाराचा गुंता सोडवला. सूर वाजतच होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, टाळ्या थांबल्या, तरी वाजतच होता.

शेवटी शीतलनंच तारेवर तळहात ठेवला.

"बस झालं आता. लोकाईले जेवू द्या!"