उत्तरेचा बाण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय – मलाच नीट कळत नाही. पण आज सांगतो.

जळगावात मी एक इमारत बांधली. खाली दुकानं, वर घरं, मध्ये मोकळा चौक. पूर्वेची बाजू रस्त्याकडे टप्प्याटप्प्याने उतरत जाते, म्हणून घरोघरी उघडी गच्ची. पश्चिमेची बाजू उंच, सरळ, विटांच्या जाळीची. मे महिन्यात आमच्याकडे डांबराला चप्पल चिकटते. पण दुपार कलली की त्या उंच बाजूची सावली चौकात उतरते, जाळीतून वारा येतो, दुकानदार खुर्च्या बाहेर काढतात. सकाळच्या उन्हात गच्च्यांवर कुरडया वाळत असतात. मी आजही चौकात उभा राहिलो की बघतच राहतो. हे कसं झालं असेल?

धुळ्याहून विद्यार्थी बघायला येतात. एका सत्कारात तर मी म्हणालोही – खानदेशचं ऊन ओळखून ही इमारत आखली. टाळ्या पडल्या, शाल मिळाली.

ऊन ओळखून? माझ्या आराखड्यात गच्च्या पश्चिमेला होत्या! घराघरातून सूर्यास्त दिसावा म्हणून. कागदावर फार देखणं दिसत होतं. तसं बांधलं असतं तर लोक दुपारभर भाजून निघाले असते.

मग झालं काय – प्लॉटच्या दोन्ही बाजूंना सारखेच रस्ते. शेवटचा नकाशा काढताना मी उत्तर दाखवणारा बाण उलटा काढला. मी काढला. माझ्या हाताने.

नाना पारोळ्याचे. लाइनआउटचं काम करायचे, म्हणजे नकाशा बघून जमिनीवर दोरी बांधायची, चुन्याने पाया आखायचा. त्या भागात घर बांधायचं म्हटलं की नारळ फोडून पहिली दोरी नानांच्या हातून, असा रिवाजच पडला होता. त्यांनी बाण बघितला आणि दोरी बांधली; गच्च्यांची बाजू पश्चिमेऐवजी पूर्वेला गेली. चूक दिसली तेव्हा पाया भरून कॉलम वर आले होते.

बिल्डर सगळ्यांसमोर नानांवर उखडला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. नकाशा माझ्याच हातात होता. बाण मला स्वच्छ दिसत होता. मी नकाशा गुंडाळला आणि म्हणालो, “नाना, तुम्ही नकाशा उलटा धरला असेल.”

एवढंच वाक्य. नानांनी वाद घातला नाही. ते वर आलेल्या कॉलमकडे बघत राहिले – आपल्याकडून असं कसं झालं? माझ्यावर इतका विश्वास होता हो त्यांचा. तोडफोड नको म्हणून काम तसंच पुढे गेलं. नाना घरी गेले. बातमी पारोळ्यात पोचली आणि पहिली दोरी बांधायला त्यांना कुणी बोलावेनासं झालं. हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो – आणि मग इमारत उभी राहिली, सावली पडली, आणि ती सावलीही मी माझ्या नावावर करून घेतली.

गेल्या उन्हाळ्यात नाना आले. खालच्या दुकानात लग्नाचा बस्ता होता, बरोबर त्यांच्या घरच्या होत्या. मी चौकातच उभा होतो, पळायला जागा नव्हती. नाना थकले होते. त्यांनी जाळीच्या विटांवरून हात फिरवला, मान वर करून सगळी इमारत बघितली आणि डोळ्यांत पाणी आणून हसले. मला लाज वाटली, भीतीही वाटली.

“साहेब,” ते म्हणाले, “मना हातनी चूक व्हयनी, पण तुम्ही सांभाळी लिधी. दखा, कशी सावली पडस.”

त्यांच्या घरच्यांनी मला हात जोडले.

तेव्हा तरी बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं.

मी म्हणालो, “बसा नाना, चहा सांगतो.”