पॅडवरचा मासा

बाबांचं तेरावं झालं आणि पुढच्या रविवारी धाकटी बहीण मासे घेऊन आली. गोहलपुरात तिचा छोटा कारखाना आहे. दुकानात माशाचे तुकडे ट्रेमध्ये विकतात, त्या तुकड्यांखाली घालायचे पॅड तिथे बनतात. निवृत्तीनंतर बाबा रोज तिच्याकडेच जात. माझ्या सिविल लाइंसच्या घरी ते सणावाराला येत, आणि तेव्हाही पॅडबद्दलच बोलत. मी वाचत बसे.

"फ्रिजमधला चार दिवसांचा रोहू आहे, ताई. वास घेऊन बघ."

वास नव्हता. ट्रेमधला तुकडा उचलला, खालचा पॅड वरून कोरडा होता.

"वर लेप आहे ना, त्यावर पाणी थांबतच नाही. बारीक छिद्रांतून खाली जातं, आतला कापूस धरून ठेवतो. बाबांनी किती लेप करून पाहिले, तुला काय सांगू!"

"मला माहीत आहे," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

मग पॅडच्या कोपऱ्यातला मासा दिसला. एका रेघेत काढलेला, शेपटी उघडी, डोळ्याच्या जागी ठिपका.

"हा काहून?"

"अगं, दोन्ही बाजू पांढऱ्या. ट्रे भरणाऱ्या पोरी उलटे पॅड लावून राहिल्या होत्या, मासा पाण्यातच. बाबा म्हणाले, चलो, लेपाच्या बाजूला निशाणी करू. एका झटक्यात काढला! आता ठप्पाच बनवलाय."

एका झटक्यात. तो मासा मी पहिलीपासून ओळखते. खाकी कव्हर घातलेली पुस्तकं मी उलटी उघडायचे, म्हणून बाबा पुढच्या कोपऱ्यात तो काढून देत. मासा दिसला की ती पुढची बाजू. बहिणीच्या पुस्तकांना कव्हरं मी घालत असे. त्यांवर मासा नव्हता. इतकी वर्षं मी धरून चालले होते की बाबांकडची ही एक गोष्ट तरी फक्त माझी आहे.

तिला सांगता आलं असतं. पण ती आनंदानं कारखानाभर सांगत सुटली असती, आणि माझी पुस्तकंही तिच्या पॅडची गोष्ट झाली असती.

"हा एक मी ठेवू?"

"एक काय, गठ्ठा घेऊन जा ना! पोती भरून पडलेत."

मी पॅड नळाखाली धरला. पाणी माशावरून घरंगळलं, रेघ तशीच राहिली. मग तो परत ट्रेमध्ये ठेवून दिला. पोत्यातला मला नको होता.

तिनं मासे तळले, पहिला तुकडा माझ्या ताटात वाढला.

"ताजा लागतोय ना, ताई?"

ताजाच होता. मी म्हटलं, मीठ जरा कमी आहे.