टूरबाईची सुट्टी

गल्लीत तिला सगळे टूरबाई म्हणत. पायाला भिंगरी असणं म्हणजे काय हे कुणाला बघायचंच असेल, तर त्यानं तिच्या घरासमोर उभं राहावं. बाई बॅग घेऊन जिना उतरताना दिसे, नाहीतर चढताना. या दोन्हींच्या मधली बाई फारशी कुणी पाहिली नव्हती. एका सहल कंपनीचे ग्रुप घेऊन ती परदेशी जाई. कुणाचा पासपोर्ट हॉटेलच्या उशीखाली राहिला, कुणाच्या गुडघ्यांनी ऐन जिन्यात संप पुकारला, कुणाला बर्फ बघून आपलं घर आठवलं, प्रत्येकावर तिच्याकडे इलाज असे. आणि बस सुटण्याआधी ती डोकी मोजायची. ओठ न हलवता, नुसत्या डोळ्यांनी. एवढ्या वर्षांत तिनं एकाही माणसाला मागे ठेवलं नव्हतं.

घरची माणसं मात्र मागेच असत. नवरा छापखान्यात होता. शांत, कामापुरता स्वयंपाक येणारा, बायकोच्या बॅगेची चेन अडकली की मेणबत्ती घासून ती सैल करून देणारा. लेक या दोघांपैकी एकाच्या हाताखाली मोठी झाली, आणि ते कुणाच्या हे सांगायला नको. आता तिची शाळा संपली होती. सुट्टी संपली की ती दूरच्या शहरात शिकायला जाणार होती, हॉस्टेलवर. म्हणजे हातात उरली होती ही एकच सुट्टी, आणि ते बाईला पुरतं ठाऊक होतं.

म्हणूनच कंपनीच्या मालकानं बक्षीस म्हणून तिघांना परदेशची सहल देऊ केली तेव्हा बाईला आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन चप्पल काढायच्या आधीच तिनं बातमी सांगितली.

"मी नाही येणार," लेक म्हणाली.

"अगं, लोक जन्मभर वाट बघतात यासाठी! वेड लागलंय का तुला?"

"तिकडे तुझं ऑफिस आहे, आई. हॉटेलवाले तुला ओळखतात, बसवाले ओळखतात. कुणाची बॅग हरवली की तू धावणार. सुट्टीत कुणी ऑफिसात जातं का?"

नवऱ्याला हसू आलं, ते त्यानं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. बाईला राग आला, आणि राग आला की तिच्या हातून भांडी जरा जोरात ठेवली जात. त्या आठवड्यात शेजाऱ्यांनाही कळलं की टूरबाई घरी आहे. पण पोरगी बोलली त्यात खोट काढता येईना, हीच तर चिडण्याची गोष्ट होती. शेवटी एका सकाळी चहा ओतताना तिनं हात टेकले.

"बरं बाई, मग जायचं कुठे?"

"जिथे तूसुद्धा कधी गेली नाहीस तिथे."

आता अशी जागा परदेशात शोधणं कठीण होतं, पण आपल्याच देशात हव्या तेवढ्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! सातासमुद्रापलीकडच्या स्टेशनात पाण्याचा नळ कुठे आहे हे झोपेत सांगणाऱ्या या बाईनं घरापासून अर्ध्या दिवसावरचं मोठं तळं पाहिलं नव्हतं. सगळे जातात, आपणही जाऊ कधीतरी, असं म्हणत राहिलं होतं ते. तिनं मालकाला नकार कळवला. बाईची तब्येत बरी नसावी असं मालकाला वाटलं.

तळ्याकाठच्या पहिल्याच सकाळी, धड उजाडायच्या आत तिनं दोघांची पांघरुणं ओढली. "उठा! अर्ध्या तासात नाश्ता, सगळे लॉबीत!"

"अगं, लॉबी कुठाय?" नवरा डोळे चोळत म्हणाला.

लॉबी नव्हती. दोन खोल्यांचं घर होतं, आणि ज्यांनी नाश्ता द्यायचा त्या घरमालकीणबाई भिंतीपलीकडे घोरत होत्या. तिघं तसेच उपाशीपोटी धक्क्यावर गेले. नाववाला दोरी सोडायला वाकला होता.

"सगळे आले का, ताई?"

बाईनं सवयीनं नजर फिरवली. "आले. दोघं आहेत. सोडा."

"दोघं? मला तर तिघं दिसताहेत."

तिनं पुन्हा मोजलं. "दोघंच."

"काका, तिसरी हीच," लेक म्हणाली. "आई स्वतःला मोजत नाही."

नाववाला खो खो हसला, नवरा हसला, बाईलाही आपल्या फजितीचं हसू आलं. मोजणाऱ्यानं स्वतःला धरायचं नसतं, हे तिला पहिल्याच नोकरीत शिकवलं होतं. लेक मात्र हसली नव्हती.

"आणि बरोबरच मोजलं तिनं. घरी आम्ही दोघंच असतो."

नाव निघाली. पुढच्या फळीवर, माणसांकडे तोंड करून बसली होती बाई, नेहमी बसते तशी. मग ती उठली, नाव डगमगली, नाववाला ओरडला, आणि धडपडत ती लेकीशेजारी येऊन बसली. नवरा शहाणा. त्यानं पाठ फिरवून नाववाल्याकडे माशांची चौकशी सुरू केली.

काठावरची झाडं मागे गेली.

"मला करमेल का गं तिकडे, हॉस्टेलवर?" लेकीनं पाण्याकडे बघत विचारलं.

प्रवाशांच्या असल्या प्रश्नाला बाईकडे हसरं, तयार उत्तर असे. ते तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिनं ते तिथेच थांबवलं.

"नाही करमायचं. आधी तरी नाही. मी अजूनही प्रत्येक टूरच्या पहिल्या रात्री रडते. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडते."

लेकीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आईला असं नीट बघायला तिला बहुतेक कधी वेळच मिळाला नव्हता.

"मीपण रडायचे. तू गेलीस की त्या रात्री," ती म्हणाली. "बाबांना ठाऊक नाही."

बाबांची पाठ जरा हलली, पण माशांची चौकशी चालू राहिली.

बाईनं तिचा हात घट्ट धरला. "तिकडे रडू आलं तर नळबीळ सोडायचा नाही. सरळ मला फोन करायचा."

"आणि तू टूरवर असलीस तर?"

"तर तुझ्या आधी मीच करीन."

लेक हसली, आणि जरा सरकून तिला टेकून बसली.